उभं पातेलं राहू द्या, त्या पैशांचा श्पार्गेल घ्या

आधी गुण सांगतो, म्हणजे घाईत असलेल्यांना इथूनच सुटता येईल. जर्मनीतल्या श्वेट्झिंगन गावाजवळच्या शेतावरच्या टपरीतला पांढरा श्पार्गेल, पाचपैकी पाच. तिथलं सोलून देणारं मशीन, साडेतीन. खोक्यातलं तयार हॉलंडेझ, म्हणजे बलक आणि लोण्याचं सॉस, एक. आणि या भाजीसाठी खास म्हणून विकतात ते उंच, अरुंद, आत जाळीची टोपली असलेलं स्टीलचं पातेलं, दोन. तेही झाकण घट्ट बसतं म्हणून.

श्पार्गेल म्हणजे पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये अ‍ॅस्परॅगस म्हणून मिळतो तोच. तिकडे दिसतो तो हिरवा, करंगळीहून बारीक. इथला पांढरा, अंगठ्याएवढा जाड. वनस्पती एकच. पांढरा मातीच्या उंच वरंब्याखाली वाढवतात आणि त्याला ऊन लागू देत नाहीत. शेंडा जमिनीबाहेर आला की आधी जांभळट होतो, मग हिरवा.

मी मूळचा सांगलीचा, राहतो वाल्डॉर्फला. घरचा स्वयंपाक माझ्याकडे आहे. हायडेलबर्ग-मानहाइम पट्ट्यात नव्याने आलेल्या मराठी घरांमध्ये या भाजीबद्दल मत एकदम वाईट असतं, आणि त्यांना दोष देता येत नाही. पहिला श्पार्गेल बहुतेकांनी कुठल्यातरी कँटीनमध्ये खाल्लेला असतो. उकडून लिबलिबीत झालेला, वर पिवळं घट्ट सॉस, आणि चावला की तोंडात धागेच धागे. मग कोणी शेजारी सांगतो की नीट शिजवायला खास पातेलं लागतं, आणि माणूस चाळीस युरो घालून ते घेऊन येतो. भाजी तशीच होते, फक्त आता उभी शिजते.

मुद्दा असा की या भाजीचं भलंबुरं पातेल्यात ठरत नाही. ती मातीतून कधी निघाली, यावर ठरतं. कापल्यानंतरही दांडा आतून लाकडासारखा होत राहतो आणि त्यातली साखर उतरत जाते. सकाळी कापलेला आणि तीन दिवस दुकानात पडलेला, हे चवीला दोन वेगळे पदार्थ आहेत. ताज्याला कोवळ्या कणसाच्या दुधाची गोडी असते आणि मागे अगदी पुसटसा कडवटपणा. शिळ्यात तो कडवटपणा पुढे येतो आणि गोडी गायब.

म्हणून टपरी. श्वेट्झिंगन, राइलिंगन, वाल्डॉर्फ हा सगळा ऱ्हाइनच्या खोऱ्यातला रेताड पट्टा आहे, आणि या पिकाला अशीच भुसभुशीत, लवकर तापणारी जमीन लागते. श्वेट्झिंगनमध्ये हे पीक १६६८ पासून आहे, सुरुवात राजवाड्याच्या बागेतून झाली. गावाला त्याचा इतका अभिमान की राजवाड्यासमोरच्या चौकात श्पार्गेल विकणाऱ्या बाईचा पुतळा उभा आहे. बेलित्स आणि श्रोबेनहाउझन ही श्पार्गेलची दुसरी नावाजलेली गावं, तिथले लोक आपलाच श्पार्गेल खरा म्हणतात. ज्याने त्याने आपल्या गावचा खावा, वाद घालू नये.

टपरी म्हणजे शेताच्या कडेला लाकडी खोपटं. एका बाजूला श्पार्गेल, दुसऱ्या बाजूला स्ट्रॉबेरी, मागे नवे बटाटे. श्पार्गेलच्या पेट्यांवर ओलं फडकं. प्रत्येक पेटीवर प्रत आणि जाडी लिहिलेली असते. वरची प्रत सरळसोट आणि शेंडे घट्ट मिटलेले. दुसऱ्या क्रमांकाच्या प्रतीत थोडे वाकडे, शेंडा जरा उघडलेला, कुठे जांभळी छटा. सगळ्यात खाली मोडलेल्या तुकड्यांची पेटी, निम्म्या भावात. एप्रिलच्या मध्यात वरच्या प्रतीला किलोला पंधरा-सोळा युरो मोजलेत, मेच्या शेवटी तीच नऊला मिळते. दुसरी प्रत चवीला तीच असते. पाहुण्यांसमोर ताटात आडवं मांडून मिरवायचं नसेल तर वरच्या प्रतीचे पैसे घालवू नका.

टपरीवर बसणाऱ्या बाई पहिला प्रश्न एकच विचारतात, "आजच खाणार, की उद्या?" आज म्हटलं की एका पेटीतून देतात, उद्या म्हटलं की दुसऱ्या. किती पाहिजे हे त्यानंतर. असं विचारणारा भाजीवाला मला सांगलीच्या मंडईनंतर इथेच भेटला.

पारखायचं कसं? दोन दांडे हातात घेऊन एकमेकांवर घासायचे. ताजे असतील तर चक्क किंचाळतात. कापलेलं टोक नखाने दाबायचं, पाण्याचा थेंब यायला हवा आणि वास गोडसर हवा. टोक तपकिरी आणि भेगाळलेलं असेल तर राहू द्या. सुपरमार्केटमध्ये जुडी बांधलेली असते तेव्हा मधल्या दांड्यांची टोकं पाहा. मी एका मोठ्या साखळी दुकानातून आणलेल्या जुडीत बाहेरचे सहा ताजे होते आणि आतले वाळून सुरकुतलेले. परत न्यायला गेलो तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "भाजी आहे हो, अशीच असते." अशी नसते.

भाव ऐकून आई दरवेळी कपाळाला हात लावते. "अरे, एवढ्याशा भाजीला एवढे पैसे? सोनं आहे का त्यात?" गेल्या मेमध्ये ती आली होती तेव्हा तिला सकाळी लवकर शेताच्या बांधावर घेऊन गेलो. वरंब्यांवर प्लॅस्टिकचा पट्टा अंथरलेला असतो, एका बाजूने काळा, दुसऱ्या बाजूने पांढरा. पीक लवकर हवं तर काळी बाजू वर, थोपवायचं असेल तर पांढरी. तोडणारी माणसं बहुतेक रुमानिया आणि पोलंडहून हंगामापुरती आलेली. एक जण पट्टा उचलून वाकून पाहत होता. मातीला बारीकशी भेग दिसली की खाली कोंब आलाय असं समजायचं. दोन बोटांनी तो माती बाजूला करत खाली गेला, दांडा वीतभर उघडा केला, लांब सुरी तिरकी घालून बुडाशी टक्कन कापला, पेटीत ठेवला, आणि मग थापीने तो खड्डा बुजवून वरंबा परत गुळगुळीत केला. एका दांड्यासाठी एवढं. आई बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "कंबर जात असेल रे यांची." भावाबद्दल नंतर काही बोलली नाही. त्यातून लागवड केल्यावर पूर्ण तोड मिळायला तीन वर्षं थांबावं लागतं, हे मी तिला वर सांगितलं.

आता मशीन. दांडे पट्ट्यावर ठेवले की पात्यांमधून सोलून बाहेर पडतात, किलोभर श्पार्गेल दोन मिनिटांत. अर्धा गुण मी वेळेसाठी देतो, तीन गुण पाहुणे आठ असतील तेव्हासाठी. दीड गुण कापला कारण मशीनला जाड-बारीक कळत नाही, बारीक दांड्याचा निम्मा जीव जातो आणि जाड दांड्याच्या बुडाशी कधीकधी साल राहतेच. सोललेला श्पार्गेल त्याच दिवशी संपवावा लागतो. आणि साली तिथेच राहतात. त्या मागून घ्या. बाई देतात, फक्त आधी सांगावं लागतं.

घरी सोलायचं असेल तर साधं सोलाणं पुरतं. दांडा ताटाच्या उपड्या पाठीवर आडवा ठेवायचा, हातात धरला तर मोडतो. शेंड्याखाली दोन बोटं जागा सोडून तिथून बुडाकडे साल काढायची. वर पातळ, खाली येता येता जाड. मग बुडाचा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर तुकडा कापून टाकायचा. साल काढल्यावर जिथे चमक दिसते तिथे अजून साल आहे, पुन्हा एकदा सोलाणं फिरवा. कंजूषपणा इथे करू नका. कँटीनमधले ते धागे म्हणजे हीच राहिलेली साल. किलोतला पाव किलो सालीत जातो असं धरून चाला. हिरव्याला हे काही नाही, फक्त बुडाकडचा तिसरा हिस्सा सोलला की झालं.

पातेल्याबद्दल. कल्पना ऐकायला छान आहे. दांडे टोपलीत उभे, बुडं पाण्यात, शेंडे वाफेत. म्हणजे कडक भाग उकडतो आणि नाजूक भाग वाफवला जातो. प्रत्यक्षात टपरीवरचे दांडे एका उंचीचे नसतात आणि एका जाडीचे तर नसतातच. किलोभर कोंबले की मधल्यांना उकळी पोचत नाही, कमी घातले तर टोपलीत आडवे पडतात. उंच भांड्यात पाणीही भरपूर लागतं, आणि जितकं पाणी जास्त तितकी चव त्यात उतरते. टोपली वर काढताना शेंडे जाळीत अडकून मोडतात ते वेगळंच. हिरव्या बारीक श्पार्गेलला ते बरं आहे. माझ्याकडचं सध्या लाटणी उभी ठेवायच्या कामी आलंय.

त्याऐवजी पसरट, झाकण बसणारी कढई घ्या, दांडे आडवे मावतील अशी. आधी साली आणि कापलेली बुडं धुऊन लिटरभर पाण्यात पंधरा मिनिटं उकळायची. त्याहून जास्त नको, कडू होतं. ते पाणी गाळून कढईत घ्यायचं, त्यात चमचाभर मीठ, चमचाभर साखर, लोण्याचा तुकडा, लिंबाची चकती. उकळी आली की दांडे सोडायचे, आच मंद, झाकण ठेवायचं. अंगठ्याएवढ्या जाडीला बारा ते पंधरा मिनिटं. घड्याळावर विसंबू नका. एक दांडा मधोमध काट्यावर उचला, दोन्ही बाजूंनी जरा वाकला की काढा. पार लोंबला तर वेळ टळून गेली. साखर घालायला लाजू नका, आपल्याकडे आमटीत गूळ घालतो त्यासाठीच ती घालायची.

जर्मन घरात यासोबत उकडलेले नवे बटाटे, हॅमचे पातळ काप आणि हॉलंडेझ. आमच्या बाडेन भागात बटाट्याऐवजी क्राट्सेटे करतात, म्हणजे जाड पॅनकेक तव्यातच फाडून लोण्यात परततात. हे जरूर खा. मुख्य जेवण म्हणून करायचं तर माणशी अर्धा किलो कच्चा श्पार्गेल धरतात. आपल्या जेवणात वरण-भात असेल तर त्याचा निम्मा खूप झाला.

हॉलंडेझ घरी करणं अवघड नाही, फक्त स्वयंपाकघरात दुसऱ्या कोणाला येऊ देऊ नका. दोन अंड्यांचे बलक, लिंबाचा रस, चमचाभर पाणी एका भांड्यात घ्यायचं. हे भांडं नुसत्या वाफाळत्या पाण्यावर धरून फेटत राहायचं. पाणी उकळू लागलं की बलकाची भुर्जी होते. मिश्रण फिकट आणि घट्ट झालं की वितळवलेलं सव्वाशे ग्रॅम लोणी धारेने, आधी थेंबथेंब. फुटायला लागलं तर चमचाभर गार पाणी घालून जोरात फेटा, बहुतेक वेळा सावरतं. खोक्यातलं सॉस याच्या जवळपासही जात नाही. त्याला सगळ्यात पुढे चव स्टार्चची असते.

आई अंडं खात नाही. तिच्यासाठी शिळ्या पावाचा चुरा तुपात खरपूस परतला, त्यात मीठ आणि लिंबाची किसलेली साल, आणि ते उकडलेल्या दांड्यांवर पसरलं. पोलिश पद्धत म्हणून इथे जे करतात त्याची ही बिनअंड्याची आवृत्ती. तिला आवडलं, पण तिचं लक्ष भलतीकडेच होतं. शतावरीच्या कुळातली भाजी म्हटल्यावर ती लगेच शतावरी कल्पाच्या डब्यावर गेली, बाळंतिणीला चांगली असेल ना, वगैरे. कूळ एकच, पण आपली शतावरी वेगळी, आणि तिची मुळं वापरतात. इथे आपण कोंब खातोय, तोही लोण्यात. औषध म्हणून खायचं काही कारण नाही.

आता आपल्या हाताचे प्रकार. मला सगळ्यात आवडतो तो तव्यावरचा. सोललेले दांडे तिरके कापायचे, बोटाच्या पेराएवढे, शेंडे वेगळे ठेवायचे. तुपात जिरं, एक हिरवी मिरची उभी चिरून, मग तुकडे. मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता, सारखं न ढवळता. एका बाजूला तांबूस डाग पडले की उलटायचे. पाच-सहा मिनिटांनी शेंडे घालायचे, अजून तीन मिनिटं, मीठ शेवटी, लिंबू गॅस बंद केल्यावर. उकडलेल्याची गोडी पाण्यात जाते, इथे ती आतच राहते आणि कडेला जरा करपट खमंगपणा येतो. हळद नको. गोडा मसाला तर अजिबात नको. आईने स्वतः मसाल्याचा डबा हातात घेतला, एक तुकडा तोंडात टाकला आणि डबा खाली ठेवला. "याला काही घालू नकोस," म्हणाली. तिच्या तोंडून हे वाक्य दुसऱ्या कुठल्या भाजीसाठी मी ऐकलेलं नाही.

कच्चीही छान लागते, हे ऐकून जर्मन शेजारीसुद्धा चपापतात. अगदी ताजी हवी. सोलाण्यानेच लांब पातळ पट्ट्या काढायच्या, मीठ, लिंबू, चिमूटभर साखर, दाण्याचं कूट, आणि वरून तूप-जिरं-हिंगाची फोडणी. काकडीच्या कोशिंबिरीची रीत, फक्त पाणी सुटायच्या आत खायची. दही घालून पाहिलं, चव दबते.

हिरव्याला मात्र मसाला चालतो, म्हणून तो मी झुणक्यासारखा पीठ पेरून करतो. मोहरी, हिंग, हळद, लसूण, बारीक चिरलेला हिरवा श्पार्गेल, दोन वाफा, मग भाजलेलं बेसन पेरून पुन्हा एक वाफ. ज्वारीची भाकरी असेल तर उत्तम. भजीही होतात, पण भजी कशाचीही होतात.

ओव्हनमध्ये करायचं तर बेकिंग पेपरमध्ये सोललेले दांडे, लोणी, मीठ, साखर, पुडी घट्ट बांधून २०० अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटं. पाहुणे आलेले असताना सोयीचं. चव उकडलेल्याहून चांगली, तव्याहून कमी.

सालींचं पाणी उरलं असेल त्याचं सूप करा. जर्मन लोक मैदा लोण्यात परततात, मी तुपात दोन चमचे तांदळाची पिठी परततो. त्यावर सालींचं पाणी, स्वस्तातले मोडलेले तुकडे, शेवटी थोडं क्रीम, पांढरी मिरी, आणि जायफळ किसून. जायफळ विसरू नका. सूप गाळून घेतलेलं बरं, मिक्सरमधूनही एखादा धागा सुटतोच.

एक सूचना, कारण कोणी सांगत नाही आणि मग माणूस डॉक्टरकडे जाऊन बसतो. हे खाल्ल्यावर थोड्या वेळात लघवीला विचित्र गंधकी वास येतो. अ‍ॅस्परॅगसमधल्या एका आम्लाचे तुकडे होऊन ती गंधकाची संयुगं बनतात. अपाय काही नाही. काहींना हा वास जाणवतही नाही.

साठवायचं तर न सोलता, ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या खणात, फार तर दोन-तीन दिवस. हिरवा मात्र पेल्यात पाणी घेऊन उभा ठेवा. हंगामानंतरसाठी हवा असेल तर पांढरा सोलून कच्चाच फ्रीझरमध्ये टाका आणि करताना बर्फ न वितळवता थेट उकळत्या पाण्यात सोडा. मऊ होतो, सूपला चालतो, तव्यावर नाही. तोड २४ जूनला थांबते. त्यानंतर कोंब वाढू देतात, त्यांचा पिसासारखा हिरवा झुडुपा होतो आणि पुढच्या वर्षासाठी मुळांत अन्न साठतं. जुलैत कोणी ताजा जर्मन श्पार्गेल म्हणून विकत असेल तर पेटीवरचा देश वाचा.

टपरीवर सकाळी दहाच्या आत जा. दुसरी प्रत आणि मोडलेले तुकडे आधी संपतात, कारण टपरीवर रोज येणाऱ्या आज्यांना सगळं ठाऊक असतं. पैसे रोख न्या, कार्ड घेत नाहीत. पिशवी आपली असावी, आणि सोलून घेणार असाल तर सालींसाठी दुसरी.